रेषेत सोडलेली वाट

वाडीच्या मैदानावर आमच्या फुटबॉल क्लबच्या रेषा आखणारा एक म्हातारा होता. दर रविवारी वाकून चुना टाकायचा, मध्येच कंबर धरायचा. गोदामाकडच्या रेषेत मात्र हातभर जागा कोरी ठेवायचा. वस्तीतल्या बायका तिथून पाणी नेत. पूर्वी रेष सलग असताना त्यांच्या पायांनी पुसली की आमची पोरं त्यांच्यावर ओरडायची.

"काका, रेष पूर्ण करा ना," मी एकदा वैतागून म्हणालो.

"त्यायले हाकललं तं आपली मॅच पाहाले कोन येईन गा?"

येत तर कोणीच नव्हतं. परवा पुन्हा पाच गोल खाऊन आम्ही बूट सोडत बसलो होतो. त्या कोऱ्या जागेत एका बाईने हंडा टेकवला आणि म्हाताऱ्याला विचारलं, "आजही हारले काय?"

त्याने होकारार्थी मान हलवली आणि हंडा उचलून तिच्या डोक्यावर ठेवला.