भारतीच्या पाठीवरचा घेवडा

माझी बायको भाजली नव्हती.

मी खोटं बोललो. तिची शेवटची अंघोळ चालू असताना, भरल्या अंगणात.

भारती गेली त्या दिवशी शेजारच्या बायका आत तिला अंघोळ घालत होत्या. त्यातली कमल बाहेर आली नि म्हणाली, "मामा, मामींच्या पाठीवर येवढे वण कशाचे वो?"

अंगणातले सगळे पुरुष माझ्याकडं बघायला लागले.

"भाजलं होतं," मी म्हणालो. "गरम पाणी सांडलं."

तिचा धाकटा भाऊ आप्पा पाटसहून आला होता. तो उठून उभा राहिला.

"कवा, दाजी?"

"झालं की वर्ष."

"आन् आक्कानं आमाला सांगितलं न्हाई? येवढं सोसलं एकटीनं?"

तो जो रडायला लागला, तो तिरडी उचलली तरी थांबला नाही.

आमची नात सई शेजारीच उभी होती. तिला सगळं ठाऊक होतं. ती माझ्याकडं बघत राहिली.

उद्या दहावा. घोड नदीच्या घाटावर आप्पा येईल. त्याआधी हे इथं, सगळ्यांना दिसेल असं, लिहून टाकतो. फोन लावला होता, पण रिंग वाजायच्या आत कापला.

खरं असं आहे.

सई पुण्यात टॅटू स्टुडिओत काम करते. गेल्या वर्षी भारती तिच्याकडं राहायला म्हणून गेली आणि पाठीवर वेल कोरून घेऊन आली.

गोंदण नव्हे. टॅटूही नव्हे. शाईचा थेंब नाही. स्कारिफिकेशन म्हणतात त्याला. बारीक पात्यानं कातडीवर चित्र कापतात. जखम भरून आली की जो वण राहतो, तीच नक्षी.

डाव्या खांद्यापासून खाली उतरलेला घेवड्याचा वेल. पानं, शेंगा, सगळं.

"या वयात वेड लागलं का तुला?" मी ओरडलो.

"हातावरचं गोंदण आईनं काढलं, मला धरून ठिवून. पोटावरचे टाके डॉक्टरनं घातले. एक तरी खूण माज्या मनची असू द्या की, अवो."



पाठीपर्यंत तिचा हात पोचेना, म्हणून ड्यूटी माझ्यावर आली. कोमट पाण्यानं धुवायचं. पुसायचं नाही, टिपायचं. वर प्लास्टिकची फिल्म लावायची.

पहिल्याच दिवशी मी हळद घेऊन गेलो. घरात कुणाला कापलं की आपला हात आपोआप त्या डब्याकडं जातो. ती माझ्यावर उखडलीच.

"हळद न्हाई! जखम लवकर भरली तर वेल पुसून जाईल. सावकाश भरू द्यायची."

एवढ्या वर्षांच्या संसारात तिची पाठ मी अशी उजेडात कधी बघितली नव्हती. मी खिडकी लावायचो, दाराला कडी घालायचो. तरी संकोच जाईना, म्हणून शाळेतल्या कविता म्हणायचो. चालीसकट.

"कविता पुरे. पाणी घाला."

आधी सगळं लालभडक आणि ओलं. मग खपली धरली. मग खाज. अशी खाज, की ती चौकटीला पाठ घासायला निघायची आणि मी म्हशीला आवरावं तसं तिला आवरायचो. वर्तमानपत्राची घडी घेऊन वारा घालत बसायचो.

खपल्या पडल्या, गुलाबी रेघा उरल्या. महिने गेले तशा त्या रेघा वर आल्या, काळपट-जांभळ्या झाल्या. सई म्हणाली, "आजोबा, कुठं किती उठेल ते शेवटी स्किनच ठरवते."

भारती रोज विचारायची, "दाणा भरला का?"

मी शेंगेवरून बोट फिरवायचो. एकेक दाणा बोटाला लागायचा.

"भरतोय."

खालची एक शेंग मात्र सपाट झाली. तिथं कातडी अशी मिळून आली, जणू काही झालंच नव्हतं. तिला सांगितलं तर हसत सुटली. "कुणीतरी तोडून नेली वाटतं. कमलच आसंल!"

आणि मला आतून वाटत होतं, सगळा वेल असाच विरून जावा.

कारण लोक.

मी तिला उंच पाठीचे ब्लाउज शिवून आणले. केडगावच्या एका लग्नात पदर जरा सरकला, तर चारचौघांत डोळ्यांनी दटावलं. तिनं गपचूप खांदा झाकला.

भाऊबीजेला आप्पा आला होता. स्वयंपाकघरात ती हळूच म्हणाली, "आप्पाला दाखवू का? ल्हानपनी बांधावर घेवडा आम्ही दोघांनीच लावलेला. बघितल्या बघितल्या वळखंल त्यो."

"खुळी आहेस का? भावाला पाठ दाखवतात?"

तिनं पदर ओढून घेतला आणि ओवाळायचं ताट उचललं.

आप्पा, तुझी आक्का भाजली नव्हती. तिला कुणी काही केलं नव्हतं. दुखलं खूप, पण ते दुखणं तिनं स्वतः मागून घेतलं होतं, आणि त्या दिवसांत ती जेवढी खुशीत होती तेवढी मी तिला क्वचित पाहिली. तुझ्यापासून लपवलं ते मी. ती नव्हे.

आप्पाकडं साधा फोन आहे, त्यावर हे दिसायचं नाही. त्याच्या सुना हे वाचतील. पोरींनो, आज सासऱ्यांना समोर बसवून वाचून दाखवा. मधलं काही गाळू नका. मला शिव्या घातल्या तर घालू द्या.

सईकडं एक फोटो आहे, वेल पुरता उठल्यावरचा. तो इथं टाकणार नाही. उद्या घाटावर आप्पाच्या हातात देईन.

आपल्यात निघालेल्या माणसाला 'जा' म्हणत नाहीत, 'ये' म्हणतात.

पण 'ये' म्हणून आता तिला अडवायचा मला काही हक्क नाही.

भारती, सुखानं जा.