गंजीमागची नऊ मिनिटं

त्याला सगळे रेडिओ म्हणायचे. कात्री हातात आली की त्याचं तोंड सुरू व्हायचं, ते गिऱ्हाईक मानेवरचे केस झटकून खुर्चीतून उठेपर्यंत बंद व्हायचं नाही. कुणाच्या गुडघ्याचं ऑपरेशन, कुणाची बदली, नळाला पाणी का नाही, सगळ्याची बातमी त्याच्याकडे असायची. त्यामुळे ज्या शुक्रवारी त्याच्या दुकानासमोरच्या थिएटरवर त्याचाच चेहरा असलेलं काळंपांढरं पोस्टर लागलं, ओठ घट्ट मिटलेले, नजर कुठेतरी लांब, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने एकच विनोद केला: रेडिओला गप्प बसवणारा माणूस एकदाचा भेटला.

तो माणूस म्हणजे डायरेक्टर. दोन वर्षांपूर्वी तो दाढी करायला आला होता. आरशातून रेडिओकडे बघत म्हणाला, "तुम्ही बोलायचं थांबलात की चेहरा फार वेगळा दिसतो तुमचा." पुढच्या महिन्यात रेडिओ एका खेड्यात म्हाताऱ्या शेतकऱ्याचं काम करत होता. अख्ख्या पिक्चरमध्ये त्याला अकरा वाक्यं. गोष्टही तेवढीच: एक म्हातारा, त्याची आजारी बायको, एक मुलगा आणि मधे खूपसं गवत.

एक दिवस आभाळ भरून आलं म्हणून शूटिंग थांबलं. रिकामा बसलेला रेडिओ सवयीने बोलत सुटला, आणि बोलता बोलता त्याने डायरेक्टरला अशी एक गोष्ट सांगितली, जी त्याने बायकोलासुद्धा कधी सांगितली नव्हती. तो एकोणीस वर्षांचा होता, मोठी बहीण, ताई, सासरी होती. एका दुपारी आईच्या छातीत घरघर लागली. मोठा भाऊ सायकलवर टांग टाकून डॉक्टरला आणायला गेला. जाताना म्हणाला, "तिच्याजवळून हलू नकोस." पण रेडिओला तो आवाज सहन होईना. तो उठला आणि गोठ्यामागच्या गवताच्या गंजीआड कानांवर हात दाबून बसला. परत आला तेव्हा आई खाटेवरून खाली पडली होती आणि गेली होती. त्याने तिला उचलून निजवलं, पांघरूण घातलं. भाऊ आणि डॉक्टर आल्यावर सांगितलं, झोपेतच गेली, मी जवळच होतो.

आठवड्याने डायरेक्टरने विचारलं, "हे पिक्चरमध्ये घेऊ? आईच्या जागी बायको करू, भावाच्या जागी मुलगा." रेडिओ हो म्हणाला. असला पिक्चर बघतंय कोण, असं त्याला वाटलं होतं. मग त्या पिक्चरला कुठल्याशा देशात बक्षीस मिळालं आणि तो थेट दुकानासमोर येऊन उभा राहिला.

शनिवारी सकाळपासून एकेक मत खुर्चीत येऊन बसू लागलं.

पहिला आला बस कंडक्टर. "राग मानू नका," गळ्याभोवती कापड बांधून घेत तो म्हणाला, "पण मला दोनदा डुलकी लागली. दोन्ही वेळा डोळे उघडले तर तुम्ही तिथेच बसलेले."

"तो सीन मोठाच आहे."

"करत काय होतात गंजीमागे एवढा वेळ?"

रेडिओने वस्तरा त्याच्या गळ्यापासून जरा लांब घेतला. "बसवलं तिथं बसलो, दुसरं काय."

औषधांच्या दुकानदाराचं मत पडलं की रंग महाग म्हणून भरले नसणार. शाळेचे मुख्याध्यापक तर केस कापायचे नसतानाही आत आले आणि उभ्याउभ्याच बोलले. छायाप्रकाश अप्रतिम, नऊ मिनिटं नुसता वारा आणि एक माणूस, माणसाचं एकटेपण इतकं उघडं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. रेडिओचा जीव भांड्यात पडला. एकटेपण म्हणतायत, म्हणजे यांनाही कळलेलं नाही.

पिक्चर कंटाळवाणा आहे असं कुणी म्हटलं की त्याला वाईट वाटायचं आणि सुटल्यासारखंही व्हायचं. पण दारात नवीन माणूस दिसला की तो आधी त्याचा चेहरा निरखायचा. याला कळलं असेल का? दुपारपर्यंत त्याचं बोलणं आटलं. तीन वाजता कंपाउंडरच्या कानाच्या पाळीला कात्री लागली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं.

संध्याकाळी जेवताना मुलगी मोबाइल घेऊन बसली. ती रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती आणि बापाच्या पिक्चरचा तिला भारी अभिमान होता.

"बाबा, ऐका. एकाने पाचपैकी दोन तारे दिलेत. लिहितो, 'आत गेलो तेव्हा तरुण होतो.' दुसरा म्हणतो, 'सर्वांत चांगलं काम गवताच्या गंजीचं.'" बायकोला हसू आवरेना. मुलगीही हसली आणि पुढे वाचू लागली. "ही एक बाई आहे. 'तो माणूस पळाला. बायको मरतेय हे कळूनच पळाला आणि मग मुलाशी खोटं बोलला. मला त्याचा इतका राग आला की रडूच फुटलं.' हिने पाच तारे दिलेत."

रेडिओचा घास हातातच राहिला. "कुठली आहे ती?"

"नाव नाही घातलेलं. का हो?"

"काही नाही, सहज."

"आणि उद्या काका येतायत. मीच फोन केला होता. तीनच्या शोला जायचंय म्हणाले, तुझ्या बापाला दोन तास गप्प बसलेला बघू तरी."

"त्याला कशाला उगाच दगदग? असले पिक्चर त्याला आवडत नाहीत."

"अहो, सख्खा भाऊ आहे तुमचा," बायको म्हणाली. "त्याने नाही बघायचा तर कुणी?"

दादा अजून गावातल्या जुन्या घरातच राहायचा आणि पिठाची गिरणी चालवायचा. रविवारी तो धुतलेला सदरा घालून आला. बाल्कनीत चौदा माणसं होती, रेडिओने दोनदा मोजली. पिक्चर सुरू झाला, पण त्याचं लक्ष पडद्यावर नव्हतंच. तो डोळ्यांच्या कोपऱ्यातून दादाची बोटं बघत होता. पडद्यावरचा मुलगा सायकल काढताना म्हणाला, "तिच्याजवळून हलू नका," तेव्हा ती बोटं खुर्चीच्या हातावर होती तिथेच राहिली. मग गंजी आली. पुढच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "मशीन अडकली काय?" आणि दोघं उठून गेले. दादा हलला नाही. म्हातारा बायकोला जमिनीवरून उचलू लागला तेव्हा त्याने चष्मा काढून पुसला आणि परत लावला.

शो सुटल्यावर दोघं रस्ता ओलांडून दुकानाशी आले. रेडिओने दुकानाचं कुलूप काढलं. दादा शहरात आला की भावाकडून दाढी करून घेतल्याशिवाय परत जात नसे. तो खुर्चीत बसला, रेडिओने साबण लावला.

"लांबलाय जरा," दादा म्हणाला.

"सगळे तेच म्हणतात."

"काम चांगलं केलंयस. एक चूक आहे पण."

"कुठली?"

"उशी. तो म्हातारा बायकोला उचलतो आणि डोकं बरोबर उशीवर ठेवतो. तू उलटी निजवली होतीस."

रेडिओने वस्तरा कपाटावर ठेवला. हातात धरणं बरं नव्हतं.

"आईला वारा लागावा म्हणून मी उशी खिडकीच्या बाजूला ठेवायचो," दादा आरशात बघून सांगत होता. "मी आलो तेव्हा उशीवर तिचे पाय होते. आणि तुझ्या केसांत गवत. डॉक्टरने तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. पण तोही काही बोलला नाही."

"तेव्हापासून माहीत आहे तुला?"

"तेव्हापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून थांबलो. जगातलं सगळं बोलायचास. म्हटलं, त्यात कधीतरी हेही येईल."

"रागावला होतास?"

"बरीच वर्षं. तू हे दुकान उघडलंस तेव्हा मी आलो नव्हतो. कापणी आहे म्हणून कळवलं. कापणी कसली, नुसता घरी बसून होतो."

"आणि आता?"

"ते मलाच नीट माहीत नाही. दाढी पुरी कर, साबण वाळला." मग तोंड पुसताना म्हणाला, "ताईला बुधवारी तिचा मुलगा पिक्चरला घेऊन येणार आहे. तिला आधी तू सांग. थिएटरच्या अंधारात कळायला नको. ती अजून सगळ्यांना सांगते, आई झोपेत गेली आणि धाकटा जवळ होता."

सोमवारी दुकान बंद असतं. रेडिओ दोन तासांचा बसप्रवास करून ताईकडे गेला. वाटेत त्याने वाक्यं जुळवली, मोडली, परत जुळवली. ताई कपड्यांना इस्त्री करत होती. त्याने बसची गर्दी सांगितली, लेकीच्या लॅबचं सांगितलं, कंपाउंडरचा कान सांगितला. वीस मिनिटं गेली. शेवटी ताईच म्हणाली, "एवढ्या लांब आलास ते हे सांगायला?"

तेव्हा त्याने सांगितलं. वळणं न घेता, खाली बघून.

ताईने इस्त्रीचं बटण बंद केलं. "पडली तेव्हा लागलं होतं का तिला?"

"कपाळाला. डावीकडे, थोडंसं."

"रक्त?"

"पुसलं मी."

"किती वेळ बसला होतास बाहेर?"

"पिक्चरमध्ये नऊ मिनिटं दाखवलंय."

"मी पिक्चरचं विचारलं नाही."

"जास्त," तो म्हणाला. "बराच जास्त."

ताईने घडी घातलेला शर्ट उलगडला आणि पुन्हा घातला. मग म्हणाली, "आता तू जा. मला जरा एकटीला बसू दे." पाणीही न पिता तो निघाला.

बुधवारी गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून त्याची नजर सारखी समोरच्या फुटपाथवर जात होती. भाचा एकटाच आला. "आईचं डोकं दुखतंय," म्हणाला, आणि पिक्चर बघून झाल्यावर परत डोकावला. "मामा, छान काम केलंत. पण गंजीचं काही कळलं नाही बुवा."

"आईला विचार," रेडिओ म्हणाला.

गुरुवारी पिक्चर उतरला. शुक्रवारी दुसरं पोस्टर चढलं, रंगीत, आणि खुर्चीतली मतं तिकडे वळली. रेडिओ बोलू लागला, पण फोन वाजला की मधेच थांबायचा. फोन कधी मुलीचा असायचा, कधी चुकीचा नंबर.

तीन आठवड्यांनी ताईचा आला. तिला गुडघ्याच्या डॉक्टरांचा पत्ता हवा होता. त्याने दिला, तिने लिहून घेतला. तरी फोन ठेवायचा त्याला धीर होईना. तिनेही ठेवला नाही.

"पुढच्या महिन्यात दादाकडे जाणार आहे," ती म्हणाली. "तू येणार असशील तर सोमवार धरते."

"धर," तो म्हणाला.