आखणीबाईंची विरुद्ध बाजू

सगळे त्यांना आखणीबाई म्हणत. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर बाई घरीच मुलांना निबंध लिहायला शिकवायच्या, आणि आखणी झाल्याशिवाय पोराला पेन उघडू द्यायच्या नाहीत. पोरगं दारात आलं की आधी विचारायच्या, "तुझं म्हणणं काय? एका वाक्यात सांग, मग बस." एकदा एक धिप्पाड मुलगा बराच वेळ उंबऱ्यातच उभा होता म्हणे. म्हणणंच सापडेना बिचाऱ्याला!

पूर्वी टेबलाभोवती खुर्च्या पुरत नसत. आता पोरं घरबसल्या शिकतात. खुर्च्या भिंतीला लागल्या, त्यांच्यावर वाळलेले कपडे बसू लागले. उरली एकच मुलगी, सदा घाईतली. तिचाही हा शेवटचा निबंध, उद्या कॉलेजात द्यायचा. तो झाला की शिकवणी संपली. बाईंनी चहाचे दोन कप सकाळीच काढून ठेवले होते.

"म्हणणं?" मुलगी दिसताच बाई म्हणाल्या.

"म्हातारी माणसं एकटी राहतात, कारण त्यांना तसंच आवडतं. बसू?"

बाईंनी एका खुर्चीवरचे कपडे उचलले. मग म्हणाल्या, "बस. आधार काय?"

"पाहणीचे आकडे आहेत, दोन पुस्तकं आहेत. आणि तुम्ही आहातच की! तुम्हीच म्हणता ना, माझं एकटीचं झकास चाललंय."

म्हणत होत्या खऱ्या. मुलाचा फोन आला की हेच, शेजारणीने जेवायला बोलावलं की हेच. म्हणून म्हणून ते वाक्य अगदी गुळगुळीत झालं होतं.

बाईंनी दोन्ही कपांत चहा ओतला आणि कोऱ्या चिठ्ठ्या पुढे सरकवल्या. एका चिठ्ठीवर एकच मुद्दा, ही त्यांची रीत. मुलीने चिठ्ठ्या लिहून टेबलावर मांडल्या, दोन मागेपुढे केल्या, एक फाडली.

"प्रस्तावना कुठे घालू?"

"ती शेवटी लिही. पाहुणा कोण ते कळल्याशिवाय त्याची ओळख काय करून देणार?"

मुलगी हसली. बाईंचं बोट मात्र चिठ्ठ्यांमधल्या मोकळ्या जागेवर थांबलं. तिथे विरुद्ध बाजू यायची, आणि तीही प्रामाणिक, नुसती पाडायला उभी केलेली नव्हे.

"तिथे मला काहीच मिळालं नाही हो," मुलगी कुरकुरली. "पाहणीत सगळ्यांनी 'आवडतं' असंच सांगितलंय. देऊ सोडून?"

दे सोडून म्हटलं असतं तर कोणाला कळणार होतं? बाईंची झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती. पण ज्या जागेपायी इतकी वर्षं पोरांना रडवलं, ती आज स्वतःसाठी कशी सोडायची?

बाईंनी कप खाली ठेवला. "लिही. विचारणारा दारातच उभा असतो, आणि त्याला निघायची घाई असते. त्याला अवघडल्यासारखं होऊ नये, म्हणून माणूस 'आवडतं' म्हणून मोकळं होतं. मग आत येऊन रेडिओ लावतं. ऐकायला नाही. खोलीत कोणीतरी बोलत असावं म्हणून."

मुलीचं पेन थांबलं. तिचं घड्याळाकडे बघणंही थांबलं.

"बाई, हे कुठल्या पुस्तकातलं?"

"पुस्तकातलं नाही."

"मग आधार म्हणून कोणाला दाखवू? ऐकलेलं असलं तरी कोणाकडून ते लिहायचं, असं तुम्हीच सांगता." तिचा आवाज उतरला. "'एक वृद्ध महिला' एवढंच लिहू?"

"वृद्ध कोणाला म्हणतेस गं?" बाई फणकारल्या. मग भिंतीकडच्या खुर्च्यांकडे बघत राहिल्या. "नाव लिही."

"कॉलेजातले सर तुम्हाला ओळखतात, बाई. वाचतील ते."

"वाचू देत."

मुलीने पेन टेकवलं आणि ती थबकली. इतके दिवस येत होती, पण बाईंचं नाव तिला ठाऊकच नव्हतं. बाईंनी ते सांगितलं, आडनावासकट, सावकाश, ती लिहील तसं. मुलीने लिहिलेलं वाचून दाखवलं.

"बरोबर आहे ना?"

त्या घरात ते नाव कोणी उच्चारल्याला किती काळ लोटला होता, कोण जाणे.

"परत एकदा वाच," बाई म्हणाल्या.