वाणाची ताटली आणि पिवळं पाणी

संक्रांतीनंतरचा पहिला रविवार. हजर: मी, नवरा, आणि आतल्या कॉटवर सासूबाई. लेक सासरी होती, ते बरंच झालं.

मुलुंडचं आमचं घर तळमजल्यावर आहे आणि मागे पत्र्याची पडवी. नवऱ्याचं अर्धं आयुष्य प्लेटिंगच्या, म्हणजे धातूवर मुलामा चढवायच्या कारखान्यात गेलं, त्यातलं बहुतेक क्रोमच्या टाकीवर. त्या वाफेने नाकातल्या मधल्या पडद्याला भोक पडलं आणि वास येईनासा झाला. डॉक्टरांनी बजावलं होतं, क्रोमच्या आसपास फिरकू नका. मालकाने हे ऐकलं आणि दिवाळीआधीच त्यांना घरी बसवलं. बसणं त्यांना जमेना. पडवीत छोटं काम सुरू करतो म्हणाले, फक्त निकेल आणि तांबं. क्रोम नाही, असं मला स्वतःच्या आईच्या पायाला हात लावून सांगितलं.

मग मी तयारीला लागले. हवा बाहेर फेकणारा पंखा बसवून घेतला. कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे, चष्मा, मास्क, अॅप्रन आणले. करंट गळला तर वीज तोडणारं बटण वायरमनकडून लावून घेतलं. पडवीत चहा नाही, खाणं नाही, आणि पडवीतली बादली मोरीत येणार नाही. अॅसिड पाण्यात ओतायचं, पाणी अॅसिडमध्ये नाही, हे मी दारावर लिहून लावलं. ते वाचून नवरा हसला. ‘अगं, हे मी कारखान्यातल्या पोरांना शिकवलंय,’ म्हणाले.

पहिलं काम शेजाऱ्यांच्या जुन्या स्कूटरच्या किकचं होतं. निकेल चढवायच्या आधी गंज काढायला हवा. त्यासाठी धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात किक एका वायरला टांगायची, दुसऱ्या वायरला धातूची पट्टी, आणि करंट सोडायचा. पट्टी नव्हती. लोखंडाचा तुकडा घेतला तर तोही गंजून पाणी घाण करणार, म्हणून न गंजणारं काहीतरी दे, असं त्यांनी मागितलं.

आमच्याकडे स्टीलला काय तोटा! हळदीकुंकवात वाण म्हणून मिळालेल्या वाट्या, ताटल्या, डबे माळ्यावर पडून असतात. कुणीतरी हौसेने नाव कोरून वाटलेलं, म्हणून टाकवत नाही, आणि एवढं वापरणार कोण? एक ताटली काढून दिली.

करंट सुरू झाला. पाण्यातून बारीक बुडबुडे उठू लागले, गंजाची पुटं सुटायला लागली. नवऱ्याने किक उलटसुलट करून पाहिली. काही महिन्यांनी त्यांना वाकून काम करताना बघत होते. मी आत डाळ लावायला गेले. परत आले तेव्हा सासूबाई कॉटवर उठून बसल्या होत्या आणि दारातून टबाकडे बघत होत्या.

‘काय रे, पाण्यात हळद कित्याक घातलंस?’

नवरा मीटरकडे बघत होता. त्यांनी मान वळवली आणि आधी बटण बंद केलं. पाणी पिवळं झालं होतं.

‘आत जा,’ मला म्हणाले. ‘दार लाव.’

‘काय झालं?’

‘क्रोम आहे हे.’

क्रोम आपण आणलंच नाही, मी म्हटलं. त्यांनी काठीने ताटली वर उचलली. कड काळवंडली होती आणि कोरलेल्या नावातली अर्धी अक्षरं झिजून गेली होती.

‘ह्यातून सुटलं. स्टीलमध्ये असतं ते.’

‘मग कारखान्यात काय लावायचात?’

‘लोखंडाची पट्टी. लोखंडच का, ते कधी विचारलं नाही.’

मास्क त्यांच्या गळ्यात होता. चष्म्यावर वाफ धरते म्हणून खाली ओढलेला. किती वेळ, हे मी विचारलं नाही. त्यांनी तोंड धुतलं, पुन्हा धुतलं, अंगावरचे कपडे पिशवीत घालून पिशवी बांधली. जेवताना सासूबाईंनी विचारलं, डाळीत हळद आहे ना.

त्याच आठवड्यात त्यांच्या उशीवर रक्ताचा डाग दिसला. थंडीत नाक कोरडं पडतं, ते म्हणाले. पंखा मी उतरवून ठेवला. किक अर्धवट साफ झालेली होती, तशीच शेजाऱ्यांना परत केली. नवरा आता दुपारी पडवीत खुर्ची टाकून बसतो. हात मांडीवर.

पिवळं पाणी झाकणाच्या कॅनमध्ये भरून कोपऱ्यात ठेवलं आहे, वर ‘विष’ लिहून. मोरीत ओतायचं नाही, गटारात नाही, झाडाखाली तर नाहीच. मी चौकशी केली. असलं पाणी घेऊन जाणारे घरगुती कॅनसाठी येत नाहीत, कारखान्यांकडूनच घेतात. जवळचा एकच कारखाना आहे जिथे हे पाणी शुद्ध करायची टाकी आहे, आणि तिचे व्हॉल्व्ह इतकी वर्षं माझ्या नवऱ्यानेच फिरवले. मालक नाही म्हणणार नाहीत. पण मागावं लागेल, आणि घरात काय करायला गेलो होतो तेही सांगावं लागेल. मी करते फोन, म्हटलं, तर म्हणाले, तू नको, मीच करीन.

नंबर फ्रिजवर चिकटवला आहे. फोन अजून केलेला नाही.