घरत मास्तरांचा पुढचा पियानो

दुकानात पियानो बघायला येणारा माणूस आधी तो वाजवून बघतो. येत नसेल तर एका बोटाने वाजवतो, पण वाजवतो. घरत मास्तर वाजवत नसत. नवीन मॉडेल आल्याचं कळलं की ते यायचे, पियानो चालू करायचे, एक बटण चार वेळा दाबायचे आणि भिंतीवरचा स्विच बंद करायचे. मनात दहापर्यंत मोजून पुन्हा चालू करायचे, एकच पट्टी दाबून कान द्यायचे आणि माझ्याकडे बघून म्हणायचे, "यो पन इसरला, शेट." मग चहासुद्धा न घेता निघून जायचे.

पनवेलच्या बाजारातलं आमचं वाद्यांचं दुकान वडिलांपासूनचं. मास्तरांची पेटी वडिलांनीच दोनदा उघडून नीट केलेली. मास्तर पनवेलजवळच्या कोन गावचे. शाळेत त्यांनी कधी शिकवलं नाही; गावच्या लेकीसुनांना भजनाची पेटी शिकवता शिकवता ते मास्तर झाले. जमिनी गेल्या, मोबदल्यातून मुलांनी दुमजली घर बांधलं, दारात मोठी गाडी आली, पण मास्तर पनवेलला यायचे ते सहा आसनी रिक्षात मागे अंग चोरून बसूनच. अशा माणसाने, चाळीस वर्षं पेटी वाजवून झाल्यावर, एक दिवस डिजिटल पियानो मागितला तेव्हा मी चाटच पडलो. "भाता मारून खांदा भरतो," असं कारण त्यांनी सांगितलं. मी ते खरं मानलं. गिऱ्हाइकाची कारणं तपासत बसलो असतो तर दुकानाला केव्हाच टाळं लागलं असतं.

भजनी मंडळात त्यांची यथेच्छ चेष्टा झाली. देवळात पियानो म्हणजे काय, मास्तर आता बूटपाटलोण घालून बसणार का, असं बरंच काही. मास्तरांचं उत्तर ठरलेलं असे. "सूर देवाचा, खोका कंपनीचा. तुमी सूर बगा."

पण खोक्यावर ते कधीच खूश नव्हते. पुढच्या पियानोत काय काय हवं, याची त्यांची यादी होती आणि ती कंपनीला कळवायचं काम माझ्याकडे होतं. "ल्हिवा शेट," म्हणून ते स्टूल ओढून बसायचे. पहिलं कलम असं की लाईट गेली तरी लावून ठेवलेला सूर त्याने विसरू नये. दुसरं, सूर वरखाली केल्याचा आकडा पडद्यावर दिसू नये. तिसरं, बटण दाबलं की अर्ध्या स्वराची उडी मारू नये. "केसाकेसानं उतरायला पायजे. गानाऱ्याला समजाया नको." चौथं कलम सांगताना ते जरा लाजले होते. "गानाऱ्याचा गला वलखून त्यानं आपला आपन खाली यावं. आमी पेटीवालं तेच करतो. पन आमचा हात दिसतो."

मी मेल पाठवायचो. सूचनेबद्दल आभारी आहोत, असं एकच वाक्य दरवेळी उलट यायचं. मी म्हणायचो, "मास्तर, एवढा पत्रव्यवहार झाला, आता कंपनी तुम्हाला जावई करून घेणार." ते म्हणायचे, "करू दे. मानपानात बॅटरी मागीन."

या सगळ्यामागे काय होतं ते मला फार उशिरा कळलं. तुम्हाला आधीच सांगतो, कारण त्याशिवाय मास्तर कळणार नाहीत. मास्तरांच्या पत्नी सुमनबाई भजन गायच्या. पनवेलपासून पार मोरा बंदराच्या धक्क्यापर्यंत त्यांना 'काळी पाचच्या सुमनबाई' म्हणत. गाणारा ज्या स्वराला आपला सा मानतो ती त्याची पट्टी, आणि काळी पाच म्हणजे पेटीवरच्या सप्तकातली सगळ्यांत उंच काळी पट्टी. भल्याभल्या बायका तिच्या वाटेला जात नाहीत. सुमनबाई मास्तरांच्या उजव्या हाताला बसत. गाण्याआधी एकदा मास्तरांच्या बोटाकडे बघत, बोट काळी पाचवर दिसलं की डोळे मिटत आणि आवाज लावत. मग त्यांच्या गळ्याची गाठ काढावी लागली. ऑपरेशन नीट झालं, पण आवाज पूर्वीच्या उंचीला पोचेना. बाई मानी. त्यांनी घरात सांगून टाकलं, "काली पाच लागली नाय त मी टाल खाली ठेवीन. उतरून गानार नाय."

त्यानंतर पंधरा दिवसांनी मास्तर माझ्याकडे पियानो घ्यायला आले होते. डिजिटल पियानोत अशी सोय असते की बोट एका पट्टीवर ठेवलं तरी आवाज दुसऱ्याच पट्टीचा येतो. मास्तर बटण चार वेळा दाबत. बोट काळी पाचवर, सूर काळी तीनचा. पडद्यावरच्या आकड्यावर त्यांनी काळी चिकटपट्टी लावली होती आणि उजेड डोळ्यांवर येतो असं घरी सांगितलं होतं. बाईंना वाटलं, आवाज परत आला. त्यांनी देवीला साडी नेसवली. मास्तरांनी चार वर्षं हे निभावलं.

मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. लाईट गेली तर काय, या एका गोष्टीने मास्तर हैराण का होतात, ते मला उमगत नसे. दोन गावांच्या मधल्या देवळातली वीज. ती डुलकी काढणारच. एकदा ते म्हणाले, "शेट, गाडीची बॅटरी जोडून काय जमवून द्या ना." ते काम अर्ध्या दिवसाचं होतं. बाजारातल्या कोणाही वायरमनने करून दिलं असतं. मी म्हणालो, "थांबा हो, पुढच्या मॉडेलमध्ये येईल, तेव्हा बदलूनच घ्या." मला नवा पियानो विकायचा होता, दुसरं काही नाही. आजही हे लिहिताना मला माझी लाज वाटते.

त्या नवरात्रात मास्तरांनी मला कोनला भजनाला बोलावलं. देऊळ भरलं होतं. मी मास्तरांच्या मागेच मांडी ठोकून बसलो होतो. दोन अभंग रंगले. तिसऱ्याला सुमनबाई श्वास घेणार तोच दिवे गेले आणि तीनचार सेकंदांत परत आले. लोक हसले, कोणीतरी वीज मंडळाच्या नावाने बोटं मोडली. पियानो आपोआप चालू झाला. मास्तरांचा डावा हात बटणाकडे निघाला होता, पण पखवाज सुरू झाला होता आणि बाई त्यांच्या बोटाकडे बघत होत्या. पियानो सगळं विसरून कोरा झालेला. बोट काळी पाचवर ठेवलं असतं तर खराच काळी पाचचा सूर आला असता आणि बाईंचा आवाज गावासमोर चिरकला असता. मास्तरांनी बोट उचललं आणि बाईंच्या डोळ्यांदेखत काळी तीनवर ठेवलं. सूर आधीच्या दोन अभंगांचाच आला.

बाईंनी ते बघितलं. डोळे मिटले नाहीत. त्याच उघड्या डोळ्यांनी त्यांनी अख्खा अभंग म्हटला आणि एक सूर हलला नाही. मग टाळ पिशवीत घातले आणि बायकांच्या मागे जाऊन बसल्या. घरी गेल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "कवापासून?" मास्तर म्हणाले, "चार वरसं." हा विषय तिथेच संपला आणि बाईंचं गाणंही.

हे सगळं मास्तरांनी मला दुकानात बसून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी चहा घेतला. "भांडली असती त बरा व्हता," ते म्हणाले. "येलच्या येलेला चा देते, जेवान देते. गात नाय." मी बॅटरीचं बोललो, माझी चूक झाली म्हणालो. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "बॅटरी असती त आनखी चार वरसं फसवली असती. तुमी काय वंगाल केला नाय, शेट." माणूस मोठा होता म्हणून असं म्हणाला. मला काही ते पटलं नाही.

पुढच्या वर्षी खरोखरच तसा पियानो आला. वीज गेली तरी लावलेला सूर लक्षात ठेवणारा. मी उत्साहाने मास्तरांना फोन केला. ते आले, उभ्याउभ्याच बघितलं. मीच स्विच बंद केला, दहापर्यंत मोजलं, चालू केला आणि पट्टी दाबून दाखवली. "शाना झाला," मास्तर म्हणाले. मग थोडा वेळ बोटांनी पट्ट्यांवरची नसलेली धूळ पुसत राहिले. "पन आता कोनासाठी?" मी त्यांना रिक्षापर्यंत सोडायला गेलो, तेव्हा पाहिलं की ते भाता मारायच्या खांद्याकडे झुकून चालत होते.

दोन महिन्यांनी मास्तर गेले. ताप आला, तो छातीत उतरला, आठ दिवसांत खेळ आटोपला. बाराव्याला मी कोनला गेलो. जेवणं झाल्यावर दुपारी मंडळ भजनाला बसलं. मास्तरांचाच एक शिष्य, आता चांगला पन्नाशीचा, त्यांची जुनी पेटी घेऊन बसला होता. सुमनबाई आतून आल्या आणि पेटीच्या उजव्या हाताला येऊन बसल्या. शिष्याने सवयीने बोट काळी पाचवर ठेवलं.

"काली तीन द्या," बाई सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या. "ते रोज संद्याकाली पेटीवर काली तीनचा सूर धरून बसायचं. वरीसभर. बोलवायचं नाय, नुसतं धरून बसायचं. मी आतनं आयकायची. भायेर आले नाय."

त्याने काळी तीन दिली. बाईंनी आवाज लावला आणि पहिल्याच ओळीत तो फाटला. त्यांनी परत लावला, परत फाटला. वर्षभर न गायलेला गळा; त्याला आता काळी तीनही झेपत नव्हती. बाई तिथेच थांबून पेटीकडे बघत राहिल्या. शिष्य बिचारा बोट तसंच धरून बसला होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. बाईंनी जी पट्टी मागितली, ती त्याने दिली होती.