चोवीस तासांचा कॅन

मिठाच्या एका संशोधनासाठी मला माझी चोवीस तासांची लघवी जमा करून द्यायची होती. मी तिच्यात बायकोची मिसळली.

हे वाक्य कागदावर उतरवायला मला दीड वर्ष लागलं. लिहितानाही दार लोटून घेतलंय, कारण मिसळणीची दुसरी भागीदार आत भाजी चिरतेय आणि सुरी तिच्या हातात आहे.

तसा माझा हेतू वाईट नव्हता. मूर्खपणा करताना माझा हेतू नेहमीच चांगला असतो. आमच्या मीरा रोडच्या बिल्डिंगमध्ये एका सकाळी ताई आली. ताई म्हणजे त्या संशोधनासाठी घरोघर फिरणारी नर्स, राई गावातली, वय असेल तिशीचं. खांद्याला मोठी बॅग, बॅगेत ब्लडप्रेशरचं मशीन, बोटाला टोचून साखर बघायचं मशीन, आणि हातात फॉर्मचा गठ्ठा. तिनं आम्हा दोघांना समोर बसवून समजावलं, की माणसं रोज किती मीठ खातात ते डॉक्टरांना बघायचंय.

"पण लोक खरं सांगत न्हाईत," ताई म्हणाली. "आमच्या राईतल्या म्हाताऱ्या म्हणतात, आम्ही सुकी मासळी खातच न्हाय. अन् मागं दोरीवर बोंबील वाळत असतात. तुमच्या शेजारचे म्हणतात, आम्ही फक्त साधी खिचडी. अन् टेबलावर फरसाणाचे चार डबे. म्हणून विचारायचंच न्हाय. खाल्लेलं मीठ लघवीत उतरतं. ती खोटं बोलत न्हाय."

माझ्या लघवीशी ताईची अजून गाठ पडली नव्हती.

राईतली माणसं, खारी गावातली, आमच्यासारखी मुंबईतनं इकडे आलेली, प्रेशरच्या गोळ्या घेणारी, न घेणारी, सगळ्यांचं वेगवेगळं बघायचं होतं. प्रत्येक घरातनं एकच माणूस घ्यायचा होता. बायको तोंड उघडायच्या आत मी हात वर केला. शाळेत कधी केला नव्हता. ताईनं माझं प्रेशर बघितलं, बोट टोचून साखर बघितली, दोन्ही ठीक निघालं. मग तिनं पाच लिटरचा पांढरा प्लॅस्टिकचा कॅन माझ्या हातात दिला.

"सकाळची पहिली टाकून द्यायची अन् टाइम लिहायचा. त्यानंतरची सगळी ह्याच्यात. दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पण ह्याच्यात. एक जरी चुकली तरी सांगायचं, काका. लाजायचं न्हाय. आपण नवा कॅन देऊ."

मी मान डोलावली. आयुष्यभर ऑफिसात टपाल विभागात काढलेला माणूस मी. माझ्या हातून एक पाकीट कधी गहाळ झालं नाही, असं निरोपसमारंभात साहेब म्हणाले होते. दोन गहाळ झाली होती, पण साहेबांना ते माहीत नव्हतं.

रविवारी सकाळी मोहीम सुरू झाली. पहिली टाकली, टाइम लिहिला, दुसरी कॅनमध्ये. इथपर्यंत विज्ञान आणि मी हातात हात घालून चाललो होतो. साडेअकराला मावसभावाचा फोन आला. त्याला नातीच्या बारशाचं सांगायचं होतं. तो बोलतोय, मी ऐकतोय, ऐकता ऐकता उठलो, गेलो, आलो, आणि फ्लशचा आवाज थांबला तेव्हा कळलं, की आपण काय करून बसलो. साठ वर्षांची सवय. ती बारशाचं निमंत्रण ऐकत थांबत नाही.

एक गेली तर गेली, म्हटलं. संध्याकाळी सिल्व्हर पार्कला मित्राकडे कॅरम होता. कॅन न्यायचा म्हणून पिशवीत घातला. साड्यांच्या दुकानाची पिशवी, चांगली जाड. लिफ्टमध्ये शेजारचे गुजराती काका भेटले. त्यांनी पिशवीत डोकावून विचारलं, "क्या ले जा रहे हो? छास?"

"नहीं नहीं," मी म्हटलं. त्यांना ते ताक वाटलं होतं.

"घर की है? थोडी हमारे लिए भी रखना."

मी तिथूनच परत फिरलो, कॅन घरी ठेवला आणि रिकाम्या हाती कॅरमला गेलो. मित्राच्या बायकोनं कोकम सरबत केलं होतं, दोनदा घेतलं. पुढचं सांगायला नको. मित्राच्या बाथरूममध्ये माझा दोन वेळचा हिशेब वाहून गेला.

घरी येऊन कॅन उजेडात धरला. तळाशी लाज वाटावी एवढंच. आता ताईला सांगितलं असतं, तर तिनं नवा कॅन दिला असता, विषय संपला असता. पण मग तिला कळलं असतं, की या माणसाला एक दिवस स्वतःवर लक्ष ठेवता येत नाही. पाणी घालायचा विचार आला. पण पाणी लॅबमध्ये पकडतील, मी काही अडाणी नाही. मग मला ते सुचलं. सुचलं तेव्हा मला स्वतःचं कौतुकही वाटलं.

बायको टीव्हीसमोर बसली होती. मी शेजारी बसलो.

"अगं, आपण दोघं एकाच पातेल्यातलं खातो ना?"

"म्हणजे?"

"म्हणजे मीठ एकच. तुझ्यातलं काय आणि माझ्यातलं काय."

तिला कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तिनं टीव्हीचा आवाज बंद केला.

"शरम नाही वाटत?"

"संशोधन आहे. देशाचं काम."

"देशाला सांगा, माझ्या बापानं हुंड्यात हे कबूल केलं नव्हतं."

पण दिली. लग्नाला छत्तीस वर्षं झाली, की माणूस वाद घालण्यापेक्षा देऊन मोकळा होतो. सकाळी ताई आली तेव्हा कॅन कसा भरदार दिसत होता. तिनं विचारलं, "सगळी हाय ना, काका?" मी म्हटलं, "थेंबन् थेंब."

पंधरा दिवसांनी संशोधनाच्या सेंटरमधनं फोन आला, म्हणून मी गेलो. तिथल्या डॉक्टर, वयानं माझ्या मुलीएवढ्या, त्यांच्यासमोर माझे कागद पसरलेले.

"काका, मिठाचं राहू दे. तुमच्या लघवीत साखर आहे, आणि चांगली भरपूर आहे. पण रक्तातली तर नॉर्मल होती." त्यांनी परत बोट टोचलं. परत नॉर्मल. "असं क्वचित दिसतं. घाबरू नका. पण परत चोवीस तासांचं द्यावं लागेल."

इथे कुठल्याही शहाण्या माणसाला कॅनमधली दुसरी भागीदार आठवली असती. मला फक्त 'क्वचित' हा शब्द ऐकू आला. घरी येईपर्यंत मी दुर्मिळ झालो होतो. जेवताना बायकोला सांगितलं, "रक्तात नाही, पण लघवीत साखर! डॉक्टर म्हणाल्या, असा माणूस क्वचित मिळतो." ती भात तसाच ठेवून उठली. मला वाटलं, माझ्या काळजीनं.

बिल्डिंगखालच्या बाकावर मी हीच बातमी जरा वाढवून दिली. बहुतेक परदेशातून डॉक्टर येतील, असंही म्हटलं. गुजराती काकांनी माझ्याकडे आदरानं बघितलं. छास परत मागितली नाही.

त्या आठवड्यात बायकोनं चहातली साखर बंद केली. माझ्या चहात दोन चमचे, तिच्या कपात शून्य. मी विचारलं तर म्हणाली, "नको वाटते." मला भरून आलं. नवरा दुर्मिळ आजारी, म्हणून हिनं साखर सोडली! एवढं प्रेम हिनं लग्नात दाखवलं नव्हतं. मी तेही बाकावर सांगितलं.

दुसरा कॅन मी प्रामाणिकपणे भरला. दिवसभर घराबाहेर पडलो नाही, फोन उचलला नाही. सोमवारी सकाळी ताई न्यायला आली. बायकोनं तिला चहा दिला आणि स्वतःचा कप घेऊन समोर टेकली. तिच्या टाचेला पट्टी होती.

"काकू, टाचंला काय झालं?"

"चप्पल लागली."

"कधी?"

"झाला महिना."

ताईनं चहाचा कप खाली ठेवला. मग बायकोच्या शेजारच्या पाण्याच्या बाटलीकडे बघितलं. ताई आल्यापासून ती एकदा रिकामी होऊन परत भरली गेली होती. मग तिनं माझ्याकडे बघितलं.

"काका, तो पहिला कॅन तुमच्या एकट्याचाच व्हता ना?"

आणि त्या एका क्षणात माझ्या डोक्यात उजेड पडला. तो पडायला तीन आठवडे लागले होते. मी बायकोकडे बघितलं. तिला सगळं माहीत होतं. जेवणावरून उठली तेव्हापासून माहीत होतं. तिच्या आईचा पाय साखरेनं गेला होता, गुडघ्याखाली. शेवटची दोन वर्षं हिनंच तिचं सगळं केलं होतं. आणि आता ती माझ्याकडे अशी बघत होती, की हो म्हणा, एवढं एकदा खोटं बोला. छत्तीस वर्षांत तिनं माझ्याकडे काही मागितलं असेल, तर बहुतेक ते हेच.

खरं सांगतो, मोह झाला. हो म्हटलं असतं तर ती खूश, आणि मी दुर्मिळ. ताई कॅन उचलून निघून गेली असती, आणि घरात तिसरं माणूस येऊन राहावं तशी ती जखम आमच्यात राहिली असती.

"नव्हता," मी म्हटलं. "म्हणजे... बराचसा माझा होता. म्हणजे, निम्मा."

"निम्मा?"

"निम्म्याहून थोडा कमी."

बायकोनं कप आपटला. "जन्मभर ह्यांना खरं बोलायला सुचलं नाही! वाणसामानाच्या यादीत खोटं, ऑफिसात खोटं, माझ्या माहेरी जाऊन खोटं. आणि आज सुचलं!"

"अगं, पण..."

"माझी आई अशीच गेली दवाखान्यात. टाचेची जखम दाखवायला. पाय तिथेच ठेवून आली."

ताई खुर्चीवरनं उठून बायकोच्या पायाशी जमिनीवर बसली आणि बॅगेतनं मशीन काढलं.

"काकू, आईंना कळलं तवा जखम किती दिवसांची व्हती?"

"सहा महिने लपवली होती तिनं."

"तुमची महिन्याची हाय. हात द्या."

बायकोनं हात दिला नाही. ताईनं तो पदराखालून स्वतःच काढून घेतला. टोचलं. मशीननं टुंई केलं. आकडा ताईनं मोठ्यानं वाचला नाही, नुसता तिला दाखवला. बायकोनं चष्मा वर करून बघितला, आणि मग एवढंच म्हणाली, "भाजी चिरून ठेवलीय. ती फ्रिजमध्ये टाकते आणि येते."

रिक्षात ती मध्ये, ताई एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, मांडीवर माझा प्रामाणिक कॅन. वाटेत मी ताईला मावसभावाच्या फोनापासून मित्राकडच्या कोकम सरबतापर्यंत सगळं कबूल केलं. सेंटरमध्ये डॉक्टरांनी टाच बघितली, स्वच्छ करून पट्टी बांधली, बोटांनी दाबून दाबून विचारलं, इथे कळतं का, इथे कळतं का. सगळीकडे कळत होतं. "वेळेत आलात," त्या म्हणाल्या. बायकोनं तेव्हा पहिल्यांदा डोळे पुसले आणि लगेच मला म्हणाली, "बघताय काय? पाणी आणा." मी दोन ग्लास आणले. दुसरा माझ्यासाठी होता, पण ते कोणाला सांगायचं कारण नाही.

जखम भरायला दोन महिने गेले. गोळ्या चालू आहेत. चहात साखर नाही, आता माझ्याही नाही. त्यात प्रेमाचा भाग किती आणि धाकाचा किती, ते विचारू नका.

पण त्या दिवशीची सेंटरमधली एक गोष्ट सांगायची राहिली. डॉक्टरांनी माझा पहिला कागद काढला आणि त्याच्यावर लाल पेनानं आडवी रेघ मारली. दुर्मिळपणा संपला. मला जरा लागलंच. मी ताईला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे संशोधनाला माझा काहीच उपयोग नाही झाला?"

ताई माझा दुसरा कॅन उचलून त्याच्यावर नंबर चिकटवत होती. मान वर न करता म्हणाली,

"काका, त्या पहिल्या कॅनात कामाचं जेवढं व्हतं, तेवढं काकूंचं. तुमचं नुसतं कोकम सरबत, अन् ते पण मित्राच्या घरी सांडून आलात."