बॅटरीपुढचा दिवा

चौथीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षरही वाकडं येतं. ही वही कुणाला दाखवायची नाही. तरी कुणाच्या हाती पडलीच, तर चुका पोटात घालाव्या.

साठ सालच्या आगेमागे आम्ही पुसदला राहत होतो. घराच्या पुढच्या खोलीत ह्यांचं दुकान होतं. मोटारींची वायरिंग दुरुस्त करायची आणि बॅटऱ्या चार्ज करायच्या, हा धंदा. हे बाहेर गेले की चार्जिंग मी बघत असे. गिऱ्हाईक आलं की आत जायचं, गेलं की पुढे यायचं. बुचं उघडी ठेवायची, पाणी कमी दिसलं तर बाटलीतलं शुद्ध पाणी घालायचं, ॲसिड सांडलं तर खायचा सोडा टाकायचा, आणि चिमटे काढण्याआधी बटण बंद करायचं. चार्ज होताना बॅटरीतून वायू निघतो आणि तो पेट घेतो, हे ह्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. भिंतीवर खडूनं ‘येथे बिडी पिऊ नये’ असं मीच लिहिलं होतं.

खंडेनवमीला हे सकाळीच कुणाची जीप बघायला गेले. मी पाने, पकडी धुऊन पाटावर मांडल्या. चार्जरला कुंकू लावलं, झेंडू वाहिला. बाजूला एका टॅक्सीवाल्याची बॅटरी रात्रीपासून लागलेली होती आणि आत बुडबुडे चांगले उठत होते. तो दुपारी बाराला न्यायला येणार, म्हणून चार्जिंग बंद केलं नाही. निरांजन लावलं आणि त्याच टेबलावर ठेवलं. बिडी म्हणजे आग हे मला पाठ होतं. देवाचा दिवाही आगच, हे मनातसुद्धा आलं नाही.

नारळ आणायला आत वळले आणि मागे बार उडाला.

बॅटरीचं झाकण फुटून कौलांपर्यंत गेलं होतं. भिंतीवरून ॲसिड ओघळत होतं, जमिनीवर पसरत होतं, आणि बटण पलीकडच्या भिंतीला. चार्जर अजून घूं घूं करत होता. मी अनवाणी. कानात नुसता आवाज भरला होता. सोड्याचा डबा उपडा केला, जेवायचा पाट त्यावर टाकला, पाटावर उभी राहून हात लांब केला. पहिल्यांदा पोचला नाही. दुसऱ्यांदा बोटाच्या टोकानं बटण बंद झालं. मग मोरीत जाऊन हातपाय धूतच राहिले. लुगड्याला पाठीकडून भोकं पडलेली नंतर कळली.

हे आले. आधी विचारलं, “डोळ्यात गेलं काय?” मी नाही म्हणून मान हलवली. मग टेबलाखाली पडलेलं निरांजन त्यांना दिसलं. ते त्यांनी उचललं, माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, “आत ठेव. कोणाले सांगू नोको.”

बारा वाजता टॅक्सीवाला आला. तो जवळच्याच बंजारा तांड्यावरचा. त्याचे आजे बैलांवर मीठ लादून गावोगाव न्यायचे, हा माणसं न्यायचा.

“काय मिस्त्री, झाली का माही म्हातारी जवान?”

“फुटली भाऊ. जुनीच होती. आतून प्लेटा गळल्या होत्या.”

“काल तं तुम्हीच म्हणत होते, दोन वर्सं काही होत नाही म्हणून.”

“आतलं कोणाले दिसते?”

“मंग मी काय करू? उद्या दसऱ्याची दिग्रसची सवारी घेतली, इसार खाऊन बसलो. नवी बॅटरी कुठून आणू? म्हैस विकू का?”

मी दाराआड उभी होते. शंभराच्या आसपासची वस्तू. मी बोलले नाही तर ती त्याच्या अंगावर पडणार, बोलले तर आमच्या; आणि ह्यांचा शब्द परक्या माणसापुढे खोटा पडणार. परपुरुषाशी मी तोवर कधी बोलले नव्हते.

“भाऊ,” मी दाराआडूनच म्हटलं, “दिवा मी लावला होता. पूजेचा. बॅटरीपुढं.”

टॅक्सीवाल्यानं भिंतीवरच्या खडूच्या अक्षरांकडे बघितलं.

“म्हणजे आमची बिडी बंद,” टॅक्सीवाला म्हणाला, “अन् देवाले सूट.”

ह्यांची मान खाली गेली. त्यांनी दुकानातली स्वतःची बॅटरी दसऱ्यापुरती त्याला दिली. नवी त्यानं आपल्या पैशानं यवतमाळहून आणायची आणि पैसे आम्ही जमेल तसे फेडायचे, असं ठरलं. दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत.

नवीसुद्धा आठ दिवसांत बसली, पार उतरली. टॅक्सीवाला ओरडतच आला, “मिस्त्री, आता हिच्यापुढं कोणं दिवा लावला?” ही बॅटरीही आमच्यावर आली असती तर दुकान मोडावं लागलं असतं. ह्यांनी ती चार्ज करून संध्याकाळी गाडीत बसवली आणि ती पुन्हा उतरते का बघायला गाडी सकाळपर्यंत दारातच ठेवायला सांगितली. मला रात्री झोप लागली नाही.

पहाटे सडा टाकताना उघड्या राहिलेल्या बॉनेटखाली विसरलेली पकड दिसली. ती घेताना हात गाडी चालताना बॅटरी भरणाऱ्या डायनामोला लागला. कोमट होता. इंजिन तर रात्रभर बंद होतं.

मी ह्यांना उठवलं. “डायनामो काहून गरम आहे?”

त्यांनी हात लावून पाहिला आणि कटआउटचं, म्हणजे इंजिन थांबलं की डायनामो बॅटरीपासून तोडणाऱ्या डबीचं, झाकण उघडलं. आतले पॉइंट जळून एकमेकांना चिकटले होते. गाडी उभी राहिली की बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊन वाया जात होता. ह्यांनी आधी बॅटरीची तार सोडवली, पॉइंट सुटे केले, घासून साफ केले. त्यानंतर ती बॅटरी पुन्हा उतरली नाही.

“हे हिनं पाह्यलं,” ह्यांनी टॅक्सीवाल्याला सांगितलं.

“जुनी दर आठ दिवसाले उतरे अन् तुम्ही चार्जिंगचा रुपया घेत होते, तवा पाह्यलं असतं,” तो म्हणाला, “तं माही जुनी तुमच्या पूजेत आलीच नसती.”

हिवाळाभर कधी पाच, कधी दोन रुपये देत गेलो. दोनदा हप्ते चुकले, तो मागायला आला नाही. ते जास्त लागलं. होळीच्या आधी शेवटचे सात राहिले होते. हे दुकानात असूनही त्यांनी ते माझ्याकडे दिले. मी दारापुढे येऊन टॅक्सीवाल्याच्या हातावर ठेवले. त्यानं मोजले, खिशात घातले.

“फिटले, वहिनी,” तो म्हणाला. “पुरे फिटले.”